दोन डगरींवरचा चाहता

ताई, नमस्कार.

2019 चा विश्वचषक पाहिला आणि रग्बीने मला धरलं ते धरलंच. योकोहामात कर्णधार सिया कोलिसीने कप उचलला, त्या दिवसापासून मी दक्षिण आफ्रिकेचा. त्या देशाशी माझा काडीचाही संबंध नाही. स्पर्धा संपल्यावर करमेना म्हणून क्लबच्या मॅचेस लावायला लागलो, तर पहिलीच समोर आली लेन्स्टरची. डब्लिनचा तो निळा संघ असा काही आवडला की गेली सहा वर्षं त्यांची एक मॅच चुकवलेली नाही.

गोची अशी की आयर्लंडचा निम्म्याहून जास्त संघ लेन्स्टरचाच असतो, आणि आयर्लंड-दक्षिण आफ्रिका म्हणजे हल्ली हाडवैर. 2025 च्या नोव्हेंबरात डब्लिनमध्ये आम्ही 24-13 ने जिंकलो. आमच्या स्क्रमने, म्हणजे डोकी भिडवून रेटणाऱ्या आठ जणांनी, त्यांना मागे लोटलं तसं मी घर डोक्यावर घेतलं. मग पिवळं कार्ड घेऊन बाहेर निघालेला अँड्र्यू पोर्टर दिसला. माझ्या लेन्स्टरचा प्रॉप, स्क्रमच्या पुढच्या फळीतला गडी! माझा आवाजच गेला. बायकोने विचारलं, "जिंकलात ना? मग तोंड का असं?" मला उत्तर सुचलं नाही.

मित्र म्हणतात, एक काय ते धर, नाहीतर तू खरा चाहताच नाहीस. शिवाय मी सगळंच बघतो. युरोपातल्या तिन्ही मोठ्या लीग, सुपर रग्बी, सहा देशांची स्पर्धा. वहीत निकाल उतरवतो. शनिवार जातो, अर्धा रविवारही जातो. बायको म्हणते, तू घरी असून नसतोस. आणि रेफरीच्या नावाने मी जे बोलतो, ते नंतर आठवलं की माझी मलाच लाज वाटते. काय करू? पुढच्या वेळी हे दोन संघ भिडतील तेव्हा जर्सी तरी कुठली घालू?

तुमचा, दोन डगरींवरचा

*

अरे दोन डगरींवरच्या,

पत्र वाचून आधी हसले, मग जपून ठेवलं, कारण तुझ्या बायकोने विचारलेला प्रश्न तुझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे. त्याच्याकडे येते. त्याआधी तुझ्या पत्रात जे नाही त्याबद्दल विचारते.

लेन्स्टरची एक मॅच चुकवली नाहीस म्हणतोस. म्हणजे 14 जून 2025 ची, डब्लिनच्या क्रोक पार्कवरची युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपची फायनल पाहिली असशील; आयर्लंडचे आणि दक्षिण आफ्रिकेचे क्लब एकत्र खेळतात तीच ही लीग. समोर प्रिटोरियाचे बुल्स, अस्सल दक्षिण आफ्रिकी. लेन्स्टरने 32-7 ने धुतलं त्यांना. त्या दिवशी तुझ्या मनात चलबिचल झाली का? पत्रात तर तिचं नाव नाही. बरं, त्याच्या तीन वर्षं आधी, ह्याच लीगच्या 2022 च्या उपांत्य सामन्यात, ह्याच बुल्सनी डब्लिनमध्ये येऊन लेन्स्टरला 27-26 असं एका गुणाने हरवलं होतं. तेव्हा "चला, आपले आफ्रिकेवाले जिंकले" म्हणून आनंदलास का? मला नाही वाटत. चार दिवस कोणाशी धड बोलला नसशील.

म्हणजे क्लबविरुद्ध क्लब असलं की तुझं मन एका क्षणात जागेवर बसतं. देशाविरुद्ध देश असलं तरी बसतं. डब्लिनमध्ये स्क्रम पुढे सरकला तेव्हा तुझ्या घशातून जो आवाज निघाला तो विचार करून निघाला नव्हता. बाजू कुठली, हे तुला आधीच ठाऊक आहे. तू अडकतोस तो चेहऱ्यांपाशी. हे दुखणं अगदी वेगळं, आणि त्यावर "एक काय ते धर" हे औषध नाही.

तुझ्या मित्रांना विचार, ह्या खेळात एकाच जागी उभं राहिलेलं कोण आहे? 23 सप्टेंबर 2023 ला विश्वचषकात, पॅरिसमध्ये, आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला 13-8 असं हरवलं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे मुख्य प्रशिक्षक होते जॅक निनाबर. पाच आठवड्यांनी त्यांनी विश्वचषक जिंकला आणि वर्ष सरायच्या आत ते लेन्स्टरमध्ये रुजू झाले. ज्यांना कसं अडवायचं ह्याचा अभ्यास केला, त्यांनाच आता शिकवायचं! दक्षिण आफ्रिकेच्या त्या प्रशिक्षक-चमूत फीलिक्स जोन्स होता, जन्माने डब्लिनचा, खेळला लेन्स्टर आणि मन्स्टरकडून. निनाबर आणि दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीचे सूत्रधार रासी इरास्मस हे दोघे त्याआधी मन्स्टरमध्ये काम करून गेलेले. दक्षिण आफ्रिकेचा आरजी स्नायमन आधी मन्स्टरला, मग 2024 मध्ये थेट मन्स्टरच्या सख्ख्या वैऱ्याकडे, म्हणजे तुझ्या लेन्स्टरकडे. आणि आयर्लंडच्या हिरव्या जर्सीत जेमिसन गिब्सन-पार्क, जेम्स लो, बंडी आकी ही मंडळी. तिघांचाही जन्म न्यूझीलंडचा. 2023 च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात ते जन्मभूमीविरुद्ध खेळले आणि 28-24 असे हरले. त्यांना कोणी "एक काय ते धरा" म्हणालं नाही. म्हणालं असेल तर त्यांनी ऐकलं नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाने मैदानातल्यांपेक्षा जास्त सोवळं पाळायचं कारण काय?

त्या उपांत्यपूर्व सामन्यांच्या शनिवार-रविवारचं मी नेहमी सांगते. शनिवारी रात्री आयर्लंडने शेवटी 37 फेजेस, म्हणजे पुन्हा पुन्हा पाडलं जाऊनही, बॉल हातात ठेवला, पुढे सरकत राहिले, आणि तरी हरले. आयर्लंडचा कर्णधार जॉनी सेक्स्टनची ती शेवटची मॅच. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला 29-28 ने काढलं, तेही चेस्लिन कोल्बेने धावत येऊन तोमा रामोसची कन्व्हर्जन किक, म्हणजे ट्राय झाल्यावर जादा गुणांसाठी मारतात ती, अडवली म्हणून (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं). त्या दोन दिवसांत तू आधी रडला असशील आणि मग नाचला असशील. बाकीच्यांना दोहोंतलं एकच मिळालं. तुझ्या मित्रांनाही एकच मिळालं, म्हणून तर ते चिडतात की काय, असा मला संशय आहे.

आता पोर्टर. मॅच बघणाऱ्या बहुतेकांना तिथे काय दिसलं? 1 नंबरची जर्सी, पिवळं कार्ड, संपलं. तुला काय दिसलं? हा माणूस कितीतरी वर्षं 3 नंबरला, म्हणजे टाइटहेडला खेळायचा आणि 2021 मध्ये तिथून 1 नंबरला, लूजहेडला गेला, हे तुला ठाऊक आहे. बाहेरून हा बदल किरकोळ वाटतो. पण टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेलं असतं आणि दोन्ही खांद्यांवर भार येतो. लूजहेडच्या डोक्याची एक बाजू मोकळी. पाय कुठे ठेवायचे, जोर कुठून लावायचा, पाठ कशी धरायची, सगळं पुन्हा शिकावं लागतं. त्याला पावसात, अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये, कोणाच्या लक्षातही न राहणाऱ्या मॅचमध्ये ते करताना तू पाहिलंयस. त्या संध्याकाळी दक्षिण आफ्रिकेच्या पुढच्या फळीने त्याचं काय केलं, हे तुझ्याइतकं नीट कोणाला कळलं असेल? आयर्लंडचे एका वेळी पंधरापैकी बाराच खेळाडू मैदानावर उरले होते. बाकीच्यांनी आकडा पाहिला, तू माणसं पाहिलीस.

तेव्हा बायकोला उत्तर दे: "जिंकलो, पण हरलेल्यांना मी ओळखतो." ह्याहून जास्त समजावू नकोस. ती समजेल, तिच्याकडेही असले सोयरे असतीलच.

उलटंही आठव जरा. 13 जुलै 2024, डर्बन. दक्षिण आफ्रिका पुढे, वेळ संपल्यात जमा, आणि कियारन फ्रॉलीने ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात बॉल टप्पा पाडून दांड्यांमधून, मारून आयर्लंडला 25-24 ने जिंकून दिलं. फ्रॉली तेव्हा कुठला? लेन्स्टरचा. लेन्स्टरमध्ये त्याची जागा कधी 10, कधी 12, कधी 15, पक्की अशी कुठलीच नव्हती, हे तू आठवड्याआठवड्याला बघत आलास. त्या किकने तुझा देश हरला. पण बॉल दांड्यांमधून जाताना पोटात कुठेतरी गुदगुल्या झाल्या की नाही, खरं सांग? झाल्या असतील तर होऊ दे. त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी, कारण ती कळली की लेन्स्टरवरचे तुझे अर्धे राग जातील. आयर्लंडमध्ये देश आणि क्लब हे इंग्लंड-फ्रान्ससारखे दोन वेगळे मालक नाहीत. तिथे लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाख्ट हे चार प्रांत, आणि चौघांच्याही वर राष्ट्रीय संघटना. मोठ्या खेळाडूंचे करारच थेट संघटनेशी. कोणी किती मॅचेस खेळायच्या, कधी विश्रांती घ्यायची, ह्यात तिचा शब्द चालतो. फ्रान्समध्ये क्लबचा मालक पगार देतो आणि खेळाडू देशाला सोडताना कपाळावर आठ्या घालतो. आयर्लंडमध्ये क्लब हीच देशाची तालीम. तू सहा वर्षं लेन्स्टरवर जीव लावलास, म्हणजे दक्षिण आफ्रिकेला छळणारी पोरं डोळ्यांसमोर वाढताना कौतुकाने पाहिलीस. आपणच खतपाणी घातलेल्या झाडाची फांदी आपल्याच कौलांवर पडली, तर झाडाला काय बोलणार?

ह्याच व्यवस्थेमुळे एप्रिल 2023 मध्ये लेन्स्टरने प्रिटोरियाला पोरासोरांचा संघ पाठवला आणि बुल्सनी त्यांचा 62-7 असा चुरा केला. तू नक्की संतापला असशील. पण पुढच्याच आठवड्यात चॅम्पियन्स कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात ताज्यातवान्या लेन्स्टरने तुलूझला 41-22 ने हरवलं. 62-7 ची ती मॅच मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा त्रास झाला. दुसऱ्यांदा पोरांकडे बघत बसले: पन्नास गुण खाल्ल्यावरही टॅकलला कोण जातोय, कोण चालतोय. क्लबचा चाहता ह्या असल्या मॅचमध्ये तयार होतो. फायनलमध्ये सगळेच चाहते असतात.

चॅम्पियन्स कपच्या फायनलचं दुःख तुला सांगायला नको. 2022 मध्ये मार्सेलला शेवटच्या मिनिटाला फ्रान्सच्या ला रोशेलची ट्राय, 24-21 ने हार. 2023 मध्ये आपल्याच शहरात, बाराव्या मिनिटाला 17-0 ने पुढे असताना, पुन्हा ला रोशेल, 27-26. 2024 मध्ये जादा वेळेत तुलूझ, 31-22. लागोपाठ तीन. जर्सीवरचे चार तारे 2009, 2011, 2012 आणि 2018 मध्ये जिंकलेल्या कपांचे. पाचव्याच्या नादात निम्मं डब्लिन म्हातारं व्हायला आलंय. एवढं पचवून तू उरलास. तुला कोणी खोटा चाहता म्हणत असेल तर त्याला ह्या तीन तारखा पाठ म्हणायला लाव.

आणि लेन्स्टर सोड असं जे कोणी म्हणतंय त्याला वास्प्सची गोष्ट सांग. 1867 ला स्थापन झालेला इंग्लंडचा क्लब, 2004 आणि 2007 मध्ये युरोपचा विजेता. 2022 च्या ऑक्टोबरात कर्जापायी बुडाला. खेळाडू, प्रशिक्षक, सगळे एका दिवसात रिकामे. त्याच मोसमात वूस्टर गेलं, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश. इंग्लंडची वरची लीग तेरा क्लबांवरून दहावर आली. दक्षिण आफ्रिका कुठे जात नाही. तुझी नातवंडंही तिच्या मॅचेस बघतील. क्लबचं तसं नसतं. आहे तोवर बघून घे. माझा क्लब कोणता हे इथे सांगत नाही. सांगितला तर निम्मे वाचक हे सदर वाचायचं थांबवतील आणि उरलेले सहानुभूतीची पत्रं पाठवतील.

आता वही.

तुझ्या तीन युरोपीय लीगचा हिशोब मी मांडला. युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये 16 संघ, 18 फेऱ्या: 144 मॅचेस. फ्रान्सच्या टॉप 14 मध्ये 26 फेऱ्या, प्रत्येकी सात: 182. इंग्लंडच्या प्रीमियरशिपमध्ये दहा संघ, 18 फेऱ्या: 90. बेरीज 416. प्रत्येकीची 80 मिनिटं धरली, मध्यंतर, दुखापती आणि व्हिडिओ रेफरीचे खल सोडून दिले, तरी साधारण 555 तास. म्हणजे डोळ्याला डोळा न लावता तेवीस दिवस-रात्री. ह्यात बाद फेरी नाही, चॅम्पियन्स कप नाही, सुपर रग्बी नाही, एकही कसोटी, म्हणजे देशाविरुद्ध देश अशी मॅच, नाही. सगळं बघतो म्हणतोस म्हणजे तू काहीच बघत नाहीस. निकाल गोळा करतोस. वाणसामानाच्या यादीवर टिक करावी तसं.

आणि "सगळं" म्हणताना त्या यादीत बायकांचं रग्बी कसं नाही रे? 27 सप्टेंबर 2025 ला ट्विकनहॅमवर इंग्लंड-कॅनडा विश्वचषकाची फायनल झाली, 81,885 लोक आले होते. तुझ्या वहीला त्याचा पत्ताच नाही. असो. यादीत भर घालायची ही वेळ नव्हे, काट मारायची आहे.

काट अशी मार. लेन्स्टर ठेव, पूर्ण, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, समोर कोणीही असो. दक्षिण आफ्रिकेच्या कसोट्या ठेव, वर्षाला डझनभरच तर होतात. सहा देशांच्या स्पर्धेत आयर्लंडच्या पाच मॅचेस बघ, कारण पोरं तुझी आहेत, आणि शेवटचा शनिवार सगळा बघ, कारण तो न बघणं पाप आहे. प्रीमियरशिप सोड. सुपर रग्बीच्या झलका पुरतात. मला माहीत आहे, ह्या वाक्यावर चिडलेली पत्रं येतील. टॉप 14 ची मोसमभर फक्त गुणतालिका बघ आणि शेवटी दोनच मॅचेस: ब्रेन्युस ढालीसाठीची फायनल, आणि तेराव्या क्रमांकाच्या संघाची खालच्या लीगमधल्या उपविजेत्याशी होणारी लढत. हरलेला खाली, जिंकलेला वर. मला स्वतःला ह्या दुसऱ्या मॅचसाठी जास्त धडधडतं. फायनल हरलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी असते. इथे हरलेल्या शहराचं वर्षभराचं हसूच जातं.

वही फेकू नकोस. फक्त गुण लिहायचे बंद कर, ते कुठेही सापडतात. दर मॅचमागे एकच ओळ लिही, आणि ती अशा गोष्टीची जी कॅमेऱ्याने मुद्दाम दाखवली नाही. मला सवय आहे ती सांगते. पहिली वीस मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. एक प्रॉप निवडायचा आणि त्याच्यामागे डोळे लावायचे. स्क्रम मोडला की तो किती वेळात उठतो, लगेच कुठे जातो, पुढच्या रकला, म्हणजे जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही संघांची रेटारेटी होते तिथे, कितवा पोचतो. रकच्या ढिगातून सगळ्यात शेवटी कोण उठतो आणि त्याने आत काय करून ठेवलं, ते बघ. टीव्हीवर फुलबॅक सहसा दिसतच नाही. पण समोरच्याने किक मारल्यावर तो बॉलखाली आधीच उभा असेल, तर समज की तो दहा सेकंद आधी चालायला लागला होता. असली एक ओळ लिहायला पूर्ण मॅच बघावी लागते, आणि पूर्ण मॅच एका दिवसात एकच नीट बघता येते. फार तर दोन.

शनिवार असा मोकळा होईल. तो बायकोला "दिला" असं मात्र म्हणू नकोस, ती काही वसुलीला बसलेली नाही. मोसम सुरू होण्याआधी वेळापत्रक जाहीर होतं, तेव्हा दोघं बसा. तुझ्या मॅचेसवर खुणा कर, त्या तिला दिसू देत, तिचे बेत तुला. टक्कर होईल तिथे आत्ताच भांडा, मॅचच्या दिवशी नको. खुणा न केलेल्या दिवशी स्कोअर बघायला फोन काढायचा नाही. खिशातल्या खिशात सुद्धा नाही, बायकांना कळतं. आणि तिला रग्बी शिकवायला जाऊ नकोस. बॉल मागे का फेकतात हे तिने विचारलं तर एका वाक्यात सांग आणि गप्प बस. ऑफसाइडच्या रेषा समजावायला लागलेल्या नवऱ्याइतका कंटाळवाणा प्राणी मी पाहिलेला नाही, आणि माझ्या घरी एक आहे.

राहिला रेफरी. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

28 ऑक्टोबर 2023 ची विश्वचषकाची फायनल घे. दक्षिण आफ्रिका 12, न्यूझीलंड 11. न्यूझीलंडच्या कर्णधाराला, सॅम केनला, लाल कार्ड मिळालं. तुझ्या कोलिसीलाही डोक्याला लागलेल्या टॅकलसाठी पिवळं मिळालं, त्याचं लाल झालं नाही. ॲरन स्मिथची ट्राय, आधी लाइनआउटमध्ये, म्हणजे कडेच्या रेषेवरून बॉल आत फेकतात तेव्हा, तो हातून पुढे निसटला होता म्हणून, मागे जाऊन रद्द केली. एवढं सगळं झाल्यावर फरक एका गुणाचा. त्या रात्री तू रेफरीला काय म्हणालास? काहीच नाही, हो ना? तेव्हा नियम नियमासारखे होते. त्या सामन्याचे रेफरी वेन बार्न्स काही दिवसांत निवृत्त झाले आणि आपल्या कुटुंबाला येणाऱ्या धमक्यांबद्दल उघड बोलले. व्हिडिओ रेफरी टॉम फोली तशाच छळाला कंटाळून आंतरराष्ट्रीय काम सोडून गेले. जिंकलेल्यांच्या नव्हे, हरलेल्यांच्या बाजूने आलं असेल ते, असं म्हणून तू हात झटकशील. पण तुझी दोन्ही घरंही ह्यात धुतल्या तांदळाची नाहीत. 2021 मध्ये लायन्सविरुद्धची, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्र संघाविरुद्धची, पहिली कसोटी हरल्यावर रासी इरास्मस ह्यांनी रेफरीच्या चुका दाखवणारा 62 मिनिटांचा व्हिडिओ केला, तो सगळीकडे पसरला, आणि त्यांच्यावर बंदी आली. 2023 ची चॅम्पियन्स कप फायनल हरल्यावर सेक्स्टन मैदानात उतरून सामनाधिकाऱ्यांशी असा वागला की तीन सामन्यांची बंदी घेऊन बसला. तो त्या दिवशी खेळतही नव्हता, दुखापतीमुळे बाहेर होता! तुझ्यासारखाच बघत होता बिचारा.

ह्यावर शांत राहा म्हणणं सोपं आहे, मला स्वतःला जमत नाही. मी एक करते. रेफरीचा माइक ऐकू येतो, तोच ऐकते, समालोचकांचं सोडून देते. एका रकमध्ये तो माणूस एकाच वेळी काय काय बघतोय ते त्याच्या तोंडून कळतं: टॅकल करणारा बाजूला झाला का, बॉल वाकून काढणारा स्वतःच्या पायांवर आहे का, बाकीचे मागच्या पायाच्या रेषेमागून आले का, आणि तिकडे कोपऱ्यात बचावाची फळी ऑफसाइड आहे का. सगळं दोन-तीन सेकंदांत, पळता पळता. चार मॅचेस असं ऐक. राग येईलच, पण तो "हा आंधळा आहे" असा येणार नाही; "त्या जागेवरून त्याला दिसलं नाही" असा येईल. घरातल्यांना ऐकायला हा दुसरा बराच बरा वाटतो.

जर्सीचं विसरलेले नाही.

बार्बेरियन्स नावाचा एक क्लब आहे, 1890 चा. त्यांना स्वतःचं मैदान नाही, क्लबघर नाही, लीग नाही. ठिकठिकाणचे खेळाडू बोलावणं आलं की जमतात, एक-दोन मॅचेस खेळतात आणि पांगतात. 1973 मध्ये कार्डिफला न्यूझीलंडविरुद्ध गॅरेथ एडवर्ड्सने जी ट्राय पूर्ण केली, ती ह्यांच्याच जर्सीत. आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती जर्सी सगळ्यांची सारखी, पण मोजे ज्याचे त्याच्या क्लबचे. संघाचा फोटो काढला की वर पंधरा माणसं एकसारखी आणि खाली तीस पाय रंगीबेरंगी. सव्वाशेहून जास्त वर्षं हे असंच चाललंय आणि कोणालाही त्यात विसंगती दिसलेली नाही.

तेव्हा आयर्लंडशी गाठ पडेल त्या दिवशी हिरवी-सोनेरी स्प्रिंगबॉक जर्सी घाल, आणि पायात लेन्स्टरचे निळे मोजे. नवे घेणार असशील तर पहिल्या धुण्याला वेगळे टाक, निळा रंग सुटतो.

तुझी,
ताई